तोमेने चहा कुणाला आधी दिला

तोमे हे नाव काही लाडाने ठेवलेलं नव्हतं. चार मुलींनंतर पाचवीही मुलगीच निघाली तेव्हा बापाने, वरच्यांना एकदाचं समजावं म्हणून, ‘आता थांबा’ अशा अर्थाचं नाव ठेवलं. वरच्यांना समजलं असेलही, पण त्यांनी ते मनावर घेतलं नाही. पुढच्या वर्षी सहावी झाली.

पुढचं आयुष्यही तोमेचं साधारण असंच गेलं. तिच्याकडून निघालेलं काहीही वरपर्यंत पोचत नसे. ओगिनोसावाच्या तांब्याच्या खाणीत नवरा दरडीखाली गेला. खाणीच्या साहेबांनी मोठ्या मनाने तिला कचेरीत चहा द्यायच्या कामावर ठेवलं. युद्ध सुरू झालं, लष्कराने खाणीच्या खालच्या अंगाला अमेरिकन कैद्यांची छावणी केली आणि कचेरीही घेतली. ताबा घेताना यादी झाली. टेबलं तीन, शेगडी एक, किटल्या दोन, चहावाली एक.

छावणीवर अधिकारी तिघे. कॅप्टन हिरासे सगळ्यांत वर. त्यांचा घोड्यावर बसलेला फोटो कचेरीत टांगलेला होता. घोडा फोटोवाल्याचा होता. खाली लेफ्टनंट मुनाकाता आणि डॉक्टर निशिवाकी. डॉक्टरही लेफ्टनंटच, म्हणजे दोघांचा हुद्दा एक. पण मुनाकाताला तो हुद्दा चार महिने आधी मिळालेला. हे चार महिने मुनाकाताने असे जपले होते की लोक पोटच्या पोराला जपत नाहीत.

तोमेला हे पहिल्याच आठवड्यात कळलं. डॉक्टर दाराजवळ बसले होते म्हणून तिने जाता जाता त्यांचा पेला आधी ठेवला आणि मग मुनाकाताचा. मुनाकाताने पेल्यावरचं झाकणसुद्धा उचललं नाही.

“तोमे, हा चहा थंड आहे.”

“आत्ता उकळून आणला, साहेब. वाफ येतेय बघा.”

“माझ्यापर्यंत येईपर्यंत थंड झाला. वाटेत कुठेतरी थांबला होता.”

डॉक्टर खिडकीबाहेर बघत राहिले. तोमे तो ट्रे हातात धरून दुपारपर्यंत ओसरीत उभी होती, शिक्षा म्हणून. दुसऱ्या दिवसापासून आधी कॅप्टन, मग मुनाकाता, मग डॉक्टर. कचेरीला आग लागली असती तरी तिने पाणी याच क्रमाने टाकलं असतं.

कैदी दोनशेच्या वर होते आणि अधिकाऱ्यांच्या लेखी त्यांना नावं नव्हती, आकडे होते. दोनशे सतरा नंबरचा एक लांबुडका, हाडकुळा पोरगेला माणूस विहिरीवर पाणी काढायला असे. अधिकारी दिसला की कमरेत वाकून नमस्कार करायचा, हे त्यांना बांबूने शिकवलेलं. आता अधिकारी कोण आणि कोण नाही हे त्या बिचाऱ्याला कळेना, म्हणून तो तोमेलाही वाकून नमस्कार करी. अख्ख्या छावणीत तोमेपुढे वाकणारा माणूस तो एवढाच. पहिल्यांदा तिने मागे वळून पाहिलं, कोण आलंय म्हणून. मग तीही वाकायला लागली.

शोवा सम्राटाचं विसावं वर्ष, म्हणजे १९४५, फेब्रुवारीची तीन तारीख. तोमेला तारीख पक्की आठवत होती, कारण त्या दिवशी सेत्सुबुन होता, घराघरांतून भाजलेले सोयाबीन फेकून भुतांना हाकलायचा सण. गावात तेव्हा पेजेत घालायलाही सोयाबीन नव्हते, त्यामुळे भुतं घरातच राहिली. कचेरीत मात्र होते. कॅप्टनसाहेबांनी रीतीप्रमाणे चार कोपऱ्यांत चार मुठी फेकल्या आणि मग आपल्या वयाइतके, त्रेचाळीस दाणे मोजून घेऊन खायला बसले.

त्याच दुपारी दोनशे सतराला धरून आणलं. खाणीतल्या घोड्यांच्या आंबोणातून त्याने मूठभर सोयाबीनची पेंड उचलून तोंडात टाकली होती.

तोमे चहा देत होती. तिघेही बसले होते.

“घोड्याचं खाल्लं,” कॅप्टन दाणे चावत म्हणाले. “मुनाकाता, पहारेघराजवळची ती पेटी रिकामी आहे ना?”

“आहे, साहेब.”

“सहा दिवस. पांघरूण नको.”

ती पेटी म्हणजे फळ्या ठोकून केलेला खोका, माणूस उभा राहू शकत नाही आणि आडवाही होऊ शकत नाही असा. बाहेर छातीइतका बर्फ होता.

डॉक्टरांनी पेला अर्ध्यावर धरला. “सहा?”

“काही मत आहे का डॉक्टरांचं?”

डॉक्टरांनी मत चहाबरोबर गिळून टाकलं. “चहा छान झालाय आज,” ते म्हणाले.

तोमेने झाकणं गोळा केली, ट्रे उचलला आणि ती बाहेर आली. बाहेर मोसुके किल्ली घेऊन उभा होता.

मोसुके तोमेचा शेजारी. चीनमध्ये गोळी लागून पाय लंगडा झालेला, म्हणून घरी पाठवलेला आणि मग छावणीवर पहारेकरी नेमलेला. तो देवमाणूस होता असं कुणी म्हणू नये. त्याच्या हातात बांबू असे आणि तो काही वारा घ्यायला नव्हता. मुनाकाताने फर्मावलं, मोसुकेने कुलूप लावलं. तिसऱ्या रात्री त्याने स्वतःचं घोंगडं आत सरकवलं होतं. सकाळी मुनाकाताने ते ओढून काढलं आणि मोसुकेच्या थोबाडीत दिली. पाचव्या दिवशी दोनशे सतराला बाहेर काढलं तेव्हा शिक्षेचा एक दिवस शिल्लक होता, पण भोगायला माणूस नव्हता. डॉक्टरांनी न्यूमोनिया लिहिला. अक्षर त्यांचं सुरेख होतं.

ऑगस्टमध्ये जपान युद्ध हरलं आणि कचेरीच्या मागे तीन दिवस कागद जळत होते. शिक्षेची वही, दवाखान्याची वही, सगळं. जाळणाऱ्यांना तहान लागे म्हणून तोमे तिथेही चहा नेत होती. सगळे पुरावे जळले. चहावाली जाळायची कुणाच्या लक्षात आलं नाही.

*

दोन वर्षांनी अमेरिकन लोकांनी चौघांना धरून टोकियोच्या तुरुंगात टाकलं, तिघे अधिकारी आणि मोसुके. खटला योकोहामाला चालणार होता. त्याआधी एक दिवस गावच्या सभागृहात तोमेला बोलावणं आलं. गावप्रमुख हातानाका बसले होते आणि त्यांच्या शेजारी टोकियोहून आलेले वकील सेकीगुची. चहा दुसऱ्याच कुणीतरी दिला. तोमेच्या हातात पेला आला तेव्हा क्षणभर तिला कळेना, तो कुणापुढे ठेवायचा.

“प्या, प्या, तोमेबाई,” वकील म्हणाले. “तुम्ही आमच्या साक्षीदार. अगदी सोपं काम आहे. त्या दिवशी कचेरीत बैठक झालीच नाही, एवढंच सांगायचं. कॅप्टनसाहेब शहरात गेले होते.”

“आणि मुनाकातासाहेब?”

“तापाने फणफणले होते. घरी अंथरुणात.”

“डॉक्टर?”

“औषधं आणायला.”

“म्हणजे सबंध छावणी मी आणि घोडे चालवत होतो म्हणा की.”

हातानाका खाकरले. “तोमे, जीभ आवर. साहेबलोकांनी आपल्या गावासाठी काय कमी केलंय?”

“मग पेटीत कुणी टाकलं त्याला?”

वकिलांनी अगदी हळुवार आवाज काढला. “किल्ली कुणाकडे होती, बाई? मोसुकेकडे. त्याने आपल्याच डोक्याने केलं, आणि तसं तो स्वतः लिहून देतोय. मोठ्या मनाचा माणूस!”

“त्याला फाशी होईल ना?”

“त्याची तयारी आहे. कॅप्टनसाहेबांनी तुरुंगात स्वतः त्याला हात जोडून विनंती केली. स्वतः!”

मोसुकेला तोमे ओळखून होती. जन्मात पहिल्यांदा एका कॅप्टनने त्याला ‘अहो’ म्हटलं असणार. त्या एका ‘अहो’साठी तो दोनदा फासावर गेला असता.

“त्याच्या म्हातारीला कॅप्टनसाहेबांचं घर बघणार आहे,” हातानाका म्हणाले. “देवळाजवळ दगड उभारू, त्याच्या नावाचा. आणि तुला शाळेच्या स्वयंपाकघरात काम आहेच, ते राहील. पण गावाच्या विरुद्ध गेलीस तर मग रीत तुला माहीत आहे.”

रीत तिला माहीत होती. गावाने वाळीत टाकलं की पाणी नाही, डोंगरावरचं सरपण नाही, लग्नाकार्याचं बोलावणं नाही. गाव दोनच गोष्टींना दारी येणार, घराला आग लागली तर आणि घरात कुणी मेलं तर.

“म्हणजे कुणाचं तोंड बघायचं असेल तर मी घर पेटवून घ्यायचं,” तोमे म्हणाली.

घरी जाताना मोसुकेची आई इसे दारातच बसलेली. तिला कमी ऐकू येई, म्हणून ती सगळ्यांशी ओरडून बोले. “ऐकलंस का गं! कॅप्टनच्या बायकोने मला कापड पाठवलंय! रेशमी! माझा मोसुके साहेबांच्या कामी येणार!”

“तो मरणार आहे, इसेमावशी!”

“हो ना! दगड पण उभारणारेत!”

*

योकोहामाच्या कोर्टात आरोपींच्या बाकावर चौघे बसले होते. पहिला कॅप्टन, मग मुनाकाता, मग डॉक्टर, शेवटी मोसुके. तुरुंगाने सगळ्यांना सारखेच कपडे दिले होते, पण बसायचा क्रम त्यांनी आपापला लावून घेतला होता. बसायचा क्रम वरून खाली आणि फासाचा क्रम खालून वर.

समोर अमेरिकन लष्करी न्यायाधीश. दुभाष्या हवाई बेटांवरचा पोरगा, चेहऱ्याने इथला, गणवेशाने तिथला. त्याची भाषा त्याच्या आजीकडून आलेली होती आणि आजी कुठल्यातरी कोळीवाड्यातली असावी. “आये, घाबरू नको गो,” तो तोमेला म्हणाला. “काय ता सांग, मी साहेबांक सांगतंय.” कोर्टात तिच्याशी माणसासारखं बोललेला हा पहिला माणूस.

वकील सेकीगुची उठले. “तोमेबाई, तीन फेब्रुवारीच्या दुपारी कचेरी रिकामी होती ना?”

तोमेने शाळेचं स्वयंपाकघर आठवलं. सरपण आठवलं. मग तिने बाकाच्या शेवटी पाहिलं. मोसुके तिच्याकडे बघून मान हलवत होता, हो म्हण, हो म्हण, अशी. जणू तिला कुणी गोड खाऊ देतंय आणि ती उगाच आढेवेढे घेतेय.

“नाही,” तोमे म्हणाली. “तिघेही होते. सहा दिवस पेटीत टाका, पांघरूण देऊ नका, असं कॅप्टनसाहेब बोलले. मी चहा देत होते.”

दुभाष्याने ते सांगितलं. कोर्टात कुजबूज झाली. वकिलांचा चेहरा आधी पांढरा पडला, मग त्यावर दया दाटून आली. ही दया त्यांनी कॉलेजात शिकलेली असणार.

“बाई, तुम्ही शिकलात किती?”

“चौथी.”

“आज सकाळी काय खाल्लंत, आठवतं?”

“रताळं. अर्धं.”

लोक हसले. वकीलही हसले. “न्यायाधीशमहाराज, एका बाजूला तीन अधिकाऱ्यांची शपथेवरची निवेदनं आहेत. दुसऱ्या बाजूला ही बिचारी बाई. तीन वर्षं रोज चहा दिला, त्यातला एक दिवस हिला नेमका आठवतो! ठीक आहे, बाई. एवढं आठवतंय तर सांगा, त्या दिवशी आधी चहा कुणाला दिलात?”

ते तिला गोंधळात पाडायला बघत होते. तोमेने एकदा मुनाकाताकडे पाहिलं. त्याची मान ताठ होती, हनुवटी वर. तुरुंगाच्या सदऱ्यालाही त्याने गळ्यापर्यंत बटणं लावली होती. तीन वर्षं त्या मानेकडे खालून बघण्यात तिची गेली होती. ती कशाने लाल होते हे तिच्याइतकं मुनाकाताच्या बायकोलाही ठाऊक नसेल.

“आधी कॅप्टनसाहेबांना,” ती सावकाश म्हणाली. “मग डॉक्टरसाहेबांना.”

मान गुलाबी झाली.

“मग?”

“मग मुनाकातासाहेबांना. शेवटी. ते काय, धाकटेच ना.”

“खोटं!” मुनाकाता ताडकन उभा राहिला. “साफ खोटं! डॉक्टर माझ्यापेक्षा चार महिन्यांनी मागे आहे! हिने एकदाच ती चूक केली होती, पहिल्या आठवड्यात, आणि तिला मी धडा शिकवला होता! त्या दिवशी कॅप्टनसाहेबांनंतर पेला माझ्याच पुढे आला. विचारा, हा डॉक्टर बसलाय इथे! हा तर तोवर दाणे खात बसला होता!”

डॉक्टरांनी नाराजीने मान वळवली. “दाणे कॅप्टनसाहेब खात होते,” ते म्हणाले. “मी एकही घेतला नाही.”

कॅप्टन हिरासेंनी डोळे मिटून घेतले.

दुभाष्या तोंड उघडं टाकून बघत राहिला होता. मुख्य न्यायाधीशांनी टेबलावर पेन्सिल आपटली तेव्हा तो भानावर आला आणि एकेक वाक्य सांगू लागला. सांगता सांगता त्याचा आवाज चढत गेला. न्यायाधीशांनी समोरची तीन निवेदनं एकमेकांशेजारी मांडली आणि चष्मा काढला.

“लेफ्टनंट मुनाकाता अंथरुणात होते ना, तापाने?” त्यांनी विचारलं.

मुनाकाता अजून उभाच होता. आपण काय बोललो हे त्याला तेव्हा कळलं. पण त्याचा चेहरा पाहिला तर वाटे, फासावर चढायचं असलं तरी पहिल्या पायरीवर डॉक्टर आधी पाय ठेवणार नाही, एवढं तरी लिहून घ्या.

आता सरकारी वकील उठला, तांबड्या केसांचा, उंच. त्याने तोमेकडून सगळं पुन्हा वदवून घेतलं, दाणे, पेटी, घोंगडं. मोसुकेने बांबू चालवला का, हेही विचारलं.

“चालवायचा,” तोमे म्हणाली. मोसुकेने मान खाली घातली. “त्या माणसालाही मारलंय त्याने, विहिरीवर. ते त्याचं त्याने भोगावं. पेटी त्याची नव्हती.”

तांबड्या केसांच्या वकिलाने समाधानाने कागद जुळवले. खाली बसता बसता त्याने सहज विचारलं, “आणि हॅरल्ड पिटनीला शिक्षा सुनावल्यावर तुम्ही काय केलंत?”

“कोण?”

“दोनशे सतरा, आये,” दुभाष्या हळूच म्हणाला. “त्याचा नाव ता.”

तोमेने ते नाव ओठांतल्या ओठांत एकदा म्हणून पाहिलं. न्यायाधीशांनी मान वर केली.

“मी झाकणं गोळा केली,” ती म्हणाली. “ट्रे घेऊन बाहेर आले. पेटीवरून दिवसातून चार वेळा जायचे मी, किटली घेऊन. गरम किटली. पाच दिवस.”

दुभाष्याने हे सांगितलं. कुणीच काही लिहून घेतलं नाही. त्यासाठी कुठलं कलम नव्हतं. तिला जायला सांगितलं. ती उभीच राहिली. शिपायाने कोपराला धरून तिला दारापर्यंत नेलं.

*

कॅप्टनना पंचवीस वर्षं सक्तमजुरी झाली, मुनाकाताला वीस, डॉक्टरांना आठ. मोसुकेला चार. गाडीत चढवताना पहारेकऱ्याने सिगारेट पेटवायच्या निमित्ताने पाठ फिरवली आणि तोमे मोसुकेपाशी गेली. तिला वाटलं होतं, हा निदान रडेल.

“काय केलंस हे, काकू!” मोसुके वैतागून म्हणाला. “सगळं ठरलं होतं. आता आईला कोण बघणार? कॅप्टनसाहेबांनी शब्द दिला होता!”

“कॅप्टनसाहेब पंचवीस वर्षं दगड फोडणारेत. त्यांचा शब्दही फोडेल थोडे.”

“आणि माझा दगड? देवळाजवळचा?”

“मेल्या, तुझं डोकं आहे की तोच दगड! चार वर्षांनी ये आणि बघ तुझ्या आईला. तोवर मी बघते.”

“तू? तुला गाव वाळीत टाकेल.”

“मग मला रिकामा वेळच वेळ.”

गावाने खरंच टाकलं. शाळेचं काम गेलं. डोंगरावरचं सरपण बंद झालं, तर ती छावणीच्या पडक्या बराकींच्या फळ्या काढून आणून जाळू लागली. छावणीने तिला दिलेली एवढीच ऊब. हातानाकांनी कळवलं की आग आणि मरण सोडून कुणी तिच्या दारी येणार नाही. तिने उलट निरोप धाडला, माझा चुलीवर भरवसा आहे, प्रमुखांनी आपली तब्येत सांभाळावी.

इसेमावशी तर सगळ्यांत कडक. कॅप्टनच्या बायकोने निकालानंतर आठ दिवसांत माणूस पाठवून रेशमी कापड परत नेलं होतं, आणि त्याचा राग म्हातारीने कॅप्टनच्या बायकोवर काढायचा सोडून तोमेवर काढला. मुलाचा दगड गेला, कापड गेलं, आणि हातात काय, तर तुरुंगातला एक लंगडा जिवंत मुलगा! तोमे रोज सकाळी बाजरीच्या पेजेचं भांडं म्हातारीच्या उंबऱ्यावर ठेवी. म्हातारी दार लावून घेई. संध्याकाळी भांडं धुतलेलं, पालथं घातलेलं असे. वाळीत टाकलेल्या बाईशी बोलायचं नाही. तिची पेज खायची नाही, असं कुणी सांगितलं नव्हतं.

असं दोन हिवाळे चाललं. तिसऱ्या हिवाळ्यात तुरुंगातून मोसुकेचं पत्र आलं. इसेला वाचता येत नव्हतं. वाचता येणारे गावात होते, पण तुरुंगातलं पत्र घरात घ्यायला कुणी तयार नव्हतं. दोन दिवस म्हातारी ते पत्र किमोनोच्या बाहीत घालून घरातल्या घरात फिरत राहिली. तिसऱ्या दिवशी तोमेने भांडं ठेवलं आणि ती वळली, तर दार बोटभर उघडलं आणि फटीतून पत्र बाहेर आलं.

“माझ्याशी बोलायचं नाही, माहीत आहे ना!” तोमे ओरडली, म्हातारीला ऐकू जावं म्हणून.

“मी कुठे बोलतेय!” आतून म्हातारी त्याहून जोरात ओरडली. “मी भिंतीशी बोलतेय! भिंतीला वाचता येतं का विचारतेय!”

तोमे बर्फातच उंबऱ्यावर बसली आणि चौथीपर्यंतच्या शिक्षणाने एकेक अक्षर लावत मोठ्याने वाचू लागली. मोसुकेला तुरुंगात सुतारकाम शिकवत होते. दात दुखत होता, तो काढला. आता आई जेवते का, सरपण कोण आणतं. कॅप्टनसाहेब दुसऱ्या बराकीत आहेत, ओळख दाखवत नाहीत. दोनशे सतरा अधूनमधून स्वप्नात येतो, त्याबद्दल कुणाशी बोलावं ते कळत नाही.

तोमे थांबली.

“पुढे काय लिहिलंय?” भिंतीने विचारलं.

“पुढे लिहिलंय की तो येणार आहे. चेरी फुलतील तेव्हा, पुढच्या वर्षी.”

 मग दार आणखी थोडं उघडलं, एक सुरकुतलेला हात बाहेर आला आणि त्याने तोमेच्या खांद्यावरचा बर्फ जोराने, मारल्यासारखा, झटकला.

“ते स्वप्नाचं परत वाच,” म्हातारी म्हणाली. “कोण येतं म्हणालीस त्याच्या स्वप्नात?”

“हॅरल्ड पिटनी,” तोमे म्हणाली, आणि हे नाव त्या कमी ऐकणाऱ्या म्हातारीला नीट कळेपर्यंत ती ओरडून सांगत राहिली. आसपासच्या चार घरांची दारं किलकिली झाली. लोकांना वाटलं, आग लागली.